वीस इंचांचा पन्हा

अंबरनाथ पश्चिमेला वेणूबाई राहत त्या गल्लीत टीव्ही दोन होते. पण वेणूबाईंना विचारलं असतं तर त्यांनी एकच सांगितला असता, तो म्हणजे त्यांचा स्वतःचा. समोरच्या मोतीबाईंकडे चौदा इंची होता, त्याला वेणूबाई 'डबा' म्हणत, तेही मोतीबाईंना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात. त्यांचा स्वतःचा वीस इंची होता. उल्हासनगरातून, पाच नंबरच्या मार्केटातून आणलेला, लाकडी पेटीचा, चांगला भारदस्त. रंगीत नव्हता, पण १९८७ साली त्या गल्लीत रंगीताचं नाव कोण काढत होतं! रविवारी सकाळी अर्धी गल्ली वेणूबाईंच्या फरशीवर मांडी घालून बसे, आणि वेणूबाई दारात उभ्या राहून 'सरका, सरका, वीस इंची आहे, मागूनही दिसतं' असं सांगत.

वेणूबाई ब्लाऊज शिवत. नवरा महिपती कारखान्यात पाळीला जाई, मुलगा जयदेवही आता तिथेच चिकटला होता. घर दोघांच्या पगारावर चाले, पण गल्ली चाले ती वेणूबाईंच्या तोंडावर. गळ्यात सदा टेप. नवीन माणूस भेटला की नाव विचारायच्या आधी त्या मनातल्या मनात त्याचा खांदा मोजून मोकळ्या होत. त्यांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू कापडासारखी होती. तिला लांबी असते आणि पन्हा असतो. पन्हा म्हणजे रुंदी, आणि माणूस फसतो तो पन्ह्यात. छत्तीस पन्ह्याचं म्हणून घेतलेलं कापड चौतीस निघालं तेव्हा त्यांनी भर मार्केटात असा काही आवाज लावला होता, की शेजारच्या तीन दुकानदारांनी आपापली कापडं आत घेतली होती. तेव्हा वीस इंची टीव्ही म्हणजे वीस इंच पन्ह्याचा टीव्ही, यात विचारण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही. खोक्यावर वीस छापलं होतं, लधाराम शेठ ओळखीचा होता. झालं.

जयदेवचं लग्न बदलापूर गावातल्या विठाशी ठरलं. मुलगी दहावी पास, अंगाने बारीक, बोलायला कमी. बैठकीत वेणूबाईंनी देण्याघेण्याचं अवाक्षर काढलं नाही. फक्त आपल्याकडे वीस इंची टीव्ही आहे हे त्यांनी चहाच्या आधी एकदा, चहाबरोबर एकदा आणि निघताना चपला घालता घालता एकदा सांगितलं. विठाची आई चांगुणाबाई काही खुळी नव्हती. रुखवतात टीव्हीचा पडदा ठेवायचा हे तिने तिथेच मनाशी पक्कं केलं. तेव्हा तशी पद्धतच पडली होती. रुखवतात मुलीच्या हातचं भरतकाम मांडायचं, आणि त्यात टीव्हीच्या काचेवर टाकायचा पडदा असला की पाहुण्या बायका तिथेच थबकायच्या.

लग्न बदलापूर गावातच झालं. मांडवाच्या कडेला रुखवत मांडलं होतं. लाडू, चकल्या, मण्यांचं तोरण, आणि मधोमध पडदा. पांढऱ्या कापडावर हिरव्या वेली, वेलींत दोन पोपट, कडेला लेस. टाका इतका बारीक, की वेणूबाईंनी उलटी बाजू पाहिली आणि तिथेही त्यांना एक गाठ सापडली नाही. सापडली असती तर बरं झालं असतं. कारण खोट काढायला काही न मिळाल्यावर त्यांनी माप घेतलं. वेणूबाईंची वीत म्हणजे बरोब्बर आठ इंच, हे मार्केटातले दुकानदारही मान्य करत. त्यांनी वीत टाकली. एक, दोन. पडदा संपला.

"हे काय?" वेणूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज काही लपून राहणारा नव्हता. "वीस इंची टीव्हीला सोळा इंचाचा पडदा? कापड कमी पडलं का हो विहीणबाई?"

बायका हसल्या. मोतीबाई सगळ्यात मोठ्याने हसल्या, कारण कोणाचं का होईना, उणं निघालं की त्यांना बरं वाटे. चांगुणाबाईचा चेहरा खर्रकन उतरला. पाटावर बसलेल्या विठाने मुंडावळ्यांच्या आडून एकदा आईकडे आणि एकदा सासूकडे पाहिलं. मग खाली मान घातली. वेणूबाईंच्या मनात तसा काही राग नव्हता. त्यांना बोलायला आवडायचं आणि ऐकायला माणसं जमली होती, इतकंच.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायका नवी नवरी बघायला आल्या. नवरी बघून झाली, मग रुखवतातला पडदा निघाला. वेणूबाईंना तो मुद्दाम लावून दाखवायचा होता. दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच काच उघडी राहणार आणि आपलं म्हणणं सगळ्यांना पटणार, असा त्यांचा बेत. त्यांनी पडद्याची वरची पट्टी पेटीवर टाकली आणि पडदा खाली सोडला.

पडदा बसला. डावीकडे बसला, उजवीकडे बसला, खालच्या कडेला लेस तेवढी लाकडावर टेकली. बटणं मोकळी राहिली. जणू काचेवर कापड ठेवूनच बेतला होता.

मोतीबाई उठल्या. त्यांनी वेणूबाईंच्या गळ्यातला टेप काढून घेतला, हो, गळ्यातला, आणि काचेवर आडवा धरला.

"सोळा," मोतीबाई म्हणाल्या. "पडदा सोळाचा आणि टीव्हीपण सोळाचा. मग वीस इंच कुठे गेले हो वेणूबाई? रविवारी आम्ही बसतो तेव्हा आमच्याखाली दबले वाटतं!"

बायका पुन्हा हसल्या, आणि या वेळी त्या वेणूबाईंना हसत होत्या. आजवर गल्लीत त्या जे काही होत्या, ते त्या वीस इंचांवर उभं होतं. खोटं बोलणारी, फुशारक्या मारणारी बाई म्हणून आपली ओळख होणार, या विचाराने त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आई, ते माप..." विठा मागून हळूच म्हणाली.

"तू गप गं," वेणूबाई कडाडल्या. "कालची आलेली पोर, तुला काय कळतं? मला फसवलंय त्याने. पन्ह्यात फसवलंय!"

विठा पडद्याची लेस सारखी करू लागली.

पुढच्या सकाळी वेणूबाईंनी पिशवीत टेप टाकला, सुनेला सोबत घेतलं आणि रिक्षा करून पाच नंबर गाठलं. सुनेला घ्यायचं कारण एवढंच, की भांडायला जाताना बरोबर कोणीतरी असावं, आणि घरातले दोन्ही पुरुष अशा वेळी नेमके पाळीला असतात. रिक्षात विठाने दोनदा तोंड उघडलं. पण वेणूबाई तेव्हा शेठला काय काय सुनवायचं याची तालीम करत होत्या, त्यामुळे तिला जागा मिळाली नाही.

लधाराम शेठ दुकानात अगरबत्ती लावत होता.

"आओ माई, आओ! लडके की शादी हो गयी? मिठाई किधर है?"

"मिठाई देते तुला," वेणूबाई म्हणाल्या. "वीस इंची म्हणून सोळाचा टीव्ही गळ्यात मारलास. ओळखपाळख नसती तर एक वेळ समजले असते!"

"अरे साईं!" शेठने कपाळाला हात लावला. "बीसच हाय तो. कंपनीचा माल हाय, मी काय घरी बनवला? चल, तुझ्यासमोर नापतो. तिरछा नापायचा असतो माई, तिरछा!"

"तिरपा?" वेणूबाईंचा आवाज आता रस्त्यापर्यंत गेला. "तिरपं मोजून माल विकतोस? उद्या ब्लाऊजपीसपण तिरपा मोजून देशील! सरळ मोजायला काय हात मोडले तुझे?"

"पूरी दुनिया मधी तिरछाच नापतात!"

"मग दुनिया लबाड आहे!"

दुकानाबाहेर माणसं थांबायला लागली. शेठ तिरछा म्हणे, वेणूबाई लबाड म्हणत, आणि टेप दोघांच्या मध्ये ताणला जाऊन कधीही तुटेल असं वाटत होतं. तेव्हा विठाने पदर सावरला आणि सासूच्या दंडाला हात लावला.

"आई, उरेब आहे ते."

"काय?"

"उरेब. गळ्याला पट्टी लावताना आपण कापड उरेब कापतो ना, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, तसं. टीव्ही उरेब मोजतात. आपला उरेब वीस आहे."

वेणूबाई थांबल्या. तिरपं म्हणजे त्यांच्या लेखी लबाडी होती, पण उरेब म्हणजे कसब. उरेब कापायला हात बसावा म्हणून त्यांनी स्वतः मुलींना वर्षवर्षभर राबवलं होतं. त्यांनी शेठच्या हातून टेप ओढून घेतला, समोरच मांडलेल्या तसल्याच टीव्हीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर एक टोक दाबलं आणि दुसरं खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत नेलं. वीस.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग उलट्या कोपऱ्यांतून मोजलं. वीसच.

"हे आधी उरेब म्हणून सांगायला काय झालं होतं?" त्या शेठला म्हणाल्या.

"माई, मला काय मालूम उरेब काय असतो!" शेठ म्हणाला, आणि बाहेरची माणसं हसत पांगली. शेठने दोघींना चहा पाजला. मिठाईचं मात्र त्याने परत नाव काढलं नाही.

परतताना रिक्षात वेणूबाई टेपवरचे सोळा आणि वीस पुन्हा पुन्हा बोटाने चाचपत होत्या. अंबरनाथ आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "लग्नाआधी तू आमच्या घरी आली नव्हतीस. टीव्ही पाहिला नव्हतास. मग सोळा आणलंस कुठून?"

"काढलं," विठा म्हणाली. "हिरामण मामा बदलापूरला स्टेशनाजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. तो म्हणाला, इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपरा, आणि काच रुंदीला चार भाग असली तर उंचीला तीन भाग असते. पुढचं मी काढलं. माप घ्यायला सासरी येणार कशी?"

"काढलं म्हणजे कसं?"

"घरी दाखवते."

घरी वेणूबाईंच्या मशीनखाली गोधडीसाठी कापून ठेवलेले चौकोनी तुकडे होते, चार-चार इंचांचे, वर्षभरातल्या सगळ्या गल्लीच्या ब्लाऊजांचे. विठाने ते फरशीवर ओतले. एका ओळीत चार तुकडे मांडले. ही टीव्हीची रुंदी, सोळा इंच. ओळीच्या टोकापासून काटकोनात खाली तीन तुकडे. ही उंची, बारा इंच.

"आता चारावर चौकोन," ती म्हणाली, आणि चार ओळी चार-चारच्या लावल्या. सोळा तुकडे झाले. "तिनावर चौकोन." तीन ओळी तीन-तीनच्या. नऊ तुकडे. मग तिने दोन्ही चौकोन मोडले, सगळे तुकडे एकत्र केले आणि सासूपुढे सरकवले. "यांचा एकच मोठा चौकोन करा."

वेणूबाई मांडी घालून बसल्या. पाचाची एक ओळ लावली, मग दुसरी. मोतीबाईंच्या लाल खणाचा तुकडा, पोस्टमनच्या बायकोचा निळा, स्वतःचा जांभळा. पाच ओळी झाल्या. तुकडा एक उरला नाही, एक कमी पडला नाही.

"शिवणीत दाबून कमी होईल," त्यांनी शंका काढली.

"शिवायचं नाही आई, नुसतं मांडायचं. आता याची एक कड मोजा. काचेचा उरेब तेवढाच असतो."

पाच तुकडे, चार-चार इंच. वीस.

वेणूबाईंनी टीव्हीकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, परत टीव्हीकडे पाहिलं. इतकी वर्षं कापड कापलं, उरेब कापलं, आणि हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला, की काय करावं सुचेना, म्हणून त्यांनी सगळे तुकडे मोडून पुन्हा पहिल्यापासून लावले.

"कोणी शोधलं हे?"

"पायथागोरस म्हणून होता कोणी. शाळेत आहे ते, नववी-दहावीला."

"टेलर होता का?"

विठा लग्नानंतर पहिल्यांदा मोकळेपणाने हसली. मग सासू-सुनेने मिळून चौदा इंचांचाही हिशेब केला, आणि मोतीबाईंचा डबा आडवा जेमतेम अकरा भरतो असं निघालं. संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर झालं होतं. उरेब म्हणजे काय, वीस म्हणजे काय, हे वेणूबाईंनी प्रत्येक ओट्यावर जाऊन सांगितलं. गेलेली अब्रू व्याजासकट परत आली.

फक्त एक गोष्ट त्यांनी कुठल्याच ओट्यावर सांगितली नाही. मांडवात आपण काय बोललो होतो, ती. पडदा मापात होता, म्हणजे चांगुणाबाईला आपण उगाच तोंडावर पाडलं, हे त्यांना दुपारी स्वयंपाक करतानाच कळलं होतं आणि तेव्हापासून ते खड्यासारखं टोचत होतं. विहिणीला सांगायला हवं. पण सावकाश, कधीतरी, दोघीच असताना.

तशी वेळ मिळाली नाही. दुसऱ्या सकाळी मुलीला माहेरी न्यायला माणूस येणार होतं. रीतीप्रमाणे भाऊ येतो. पण दारात स्वतः चांगुणाबाई उभी होती, हातात कापडी पिशवी. नवरीची आई आली म्हटल्यावर गल्लीतल्या बायकाही आल्या. मोतीबाई तर सगळ्यांच्या आधी. कालचे अकरा इंच त्यांना अजून विसरता येत नव्हते.

चांगुणाबाई बसली नाही. उभ्यानेच तिने पिशवीतून पडदा काढला. नवा.

"विहीणबाई, पोरीच्या हातून माप चुकलं," ती म्हणाली. "मनाव घेऊ नका. हा मी केलाय. पुरा इसाचा हाय. आडवा इस, उभा इस. आता कमी पडाचा नाय."

वेणूबाईंनी पडदा हातात घेतला. त्यांना वीत टाकायची गरज नव्हती. तेच पोपट होते, त्याच वेली, पण टाके मोठे, घाईचे. उलट्या बाजूला गाठी तशाच राहिलेल्या, एका पोपटाला डोळाच नव्हता. या बाईने लग्नघर आवरायचं सोडून हे केलं होतं. आपण एक वाक्य बोललो आणि हिने जेवणखाण टाकून सुई धरली.

"लावा की," मोतीबाई म्हणाल्या. "बघू तरी."

लावला असता तर बटणं झाकली असती, पडदा पार खालच्या टेबलावर लोळला असता. किंवा न लावताच 'छान आहे हो' म्हणून घडी घालून ठेवता आला असता. विहीण समाधानाने गेली असती, मोतीबाईंना बोलायला काही मिळालं नसतं. आणि विठाचं माप मात्र कायमचं चुकलेलं राहिलं असतं. विठा आतल्या दाराशी उभी होती, पायाच्या अंगठ्याकडे बघत.

"हा मोठा झालाय, विहीणबाई," वेणूबाई म्हणाल्या.

चांगुणाबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "आता मोठा?"

"हो. कारण पहिला बरोबर होता. सुताचाही फरक नव्हता." वेणूबाईंनी एक श्वास घेतला आणि मग थांबल्या नाहीत. "चूक माझी होती. मापही मलाच कळलं नव्हतं आणि तोंडही मलाच आवरलं नाही. भर मांडवात बोलले, म्हणून आता सगळ्यांसमोर सांगते. ऐकताय ना मोतीबाई? नीट ऐका."

मोतीबाई नीट ऐकत होत्या. चांगुणाबाई मात्र विहिणीकडे बघतच नव्हती. ती लेकीकडे बघत होती.

"मंग तू बोलत का नव्हतीस गं?"

"बोलले होते की," विठा म्हणाली. "पाठवणीच्या वेळी सांगत होते तुला. तू म्हणालीस, माझं नाक कापलंस, आता सासरी तरी शहाणपणा करू नको."

वेणूबाईंना 'तू गप गं' आठवलं. दोन्ही घरची माणसं या पोरीला गप्प करत होती, आणि बरोबर होती ती एकटी. तरी तिने पहिल्या दिवशीही त्रागा केला नाही आणि आजही करत नव्हती.

"आता बोल," वेणूबाई म्हणाल्या. "आम्ही दोघी गप्प बसतो."

विठाने क्षणभर विचार केला. मग तिने आईच्या हातचा पडदा फरशीवर पसरला, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या, आणि गोधडीचे तुकडे त्यावर मांडायला घेतले. पाचाची एक ओळ, दुसरी, तिसरी. पोपट झाकले गेले, वेली झाकल्या गेल्या. पंचविसावा तुकडा कोपऱ्यावर टेकला तेव्हा आईचा पडदा कडेपासून कडेपर्यंत भरला होता.

"आये, तुझापण चुकला नाही," ती म्हणाली. "उरेबीवरचा चौकोन एवढाच असतो. वीस आडवा, वीस उभा. माझा पडदा टीव्हीचा आणि तुझा त्याच्या उरेबीचा. तुझ्या चौकोनावरूनच तर माझं माप निघतं."

चांगुणाबाईला त्यातलं फार काही समजलं असेल असं नाही. पण आपलं कापड लेकीच्या हिशेबात बसलं एवढं तिला समजलं, आणि ती मटकन खाली बसून पदराने डोळे पुसायला लागली. वेणूबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिच्या शेजारीच बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून.

"पहिल्यापासून सांग," त्या सुनेला म्हणाल्या. "काटकोनापासून. आणि मोतीबाई, तुम्ही पण बसा."

विठा सांगू लागली. मधे दोनदा वेणूबाईंच्या अगदी ओठांवर काहीतरी आलं होतं, पण त्या शेवटपर्यंत बोलल्या नाहीत.